‘लॉइडचा मूर्खपणा’? : बॅकबे भरावाची तीन अपुरी पर्वे

१/
दक्षिण मुंबईच्या टोकाकडे धावणाऱ्या बेस्टच्या अनेक बसवर ‘बॅकबे आगार’ ही पाटी असते. बॅकबे म्हणजे गिरगाव चौपाटीपासून कुलाब्यापर्यंतचा पश्चिमेकडील उपसागर. बसचे आगार उपसागराच्या नावाने का ओळखले जावे? कारण ती जमीन एकेकाळी समुद्र होती, आणि तिला जमीन करण्याचे काम शंभर वर्षांत तीनदा सुरू होऊन तीनदा थांबले. आजचा धागा या तीन थांबण्यांविषयी. #इतिहास #मुंबई

२/
या विषयावर समाजमाध्यमांवर एक ठरीव गोष्ट फिरत असते : लॉइड नावाच्या गव्हर्नरने अवास्तव योजना आखली, गाळ उपसणारे जहाज कुचकामी निघाले, योजना फसली, पण शेवटी मरीन ड्राइव्ह मिळाला, म्हणून सारे गोड. या गोष्टीत खोटे फारसे नाही. मात्र ती दोन प्रश्न टाळते. पैसा कोणाचा होता? आणि काम थांबले तेव्हा नेमके कोणाच्या वाट्याचे थांबले?

पर्व पहिले : कापसाचा पैसा, समुद्राचे शेअर

३/
१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला. भारतीय कापसाला अभूतपूर्व भाव आला. मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हाती एवढा पैसा आला की तो गुंतवावा कोठे, हाच प्रश्न होऊन बसला. उत्तर सोपे वाटले : बेटावर जागा कमी, माणसे वाढती, म्हणजे जमीन. आणि जमीन नसेल, तर समुद्र.

४/
१८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका आणि ८ जमीन कंपन्या होत्या. त्या कंपन्यांतील सर्वांत झगमगती ‘बॅकबे रेक्लमेशन कंपनी’. तिच्यामागे प्रेमचंद रायचंद यांचे वजन होते. ५,००० रुपयांचा तिचा शेअर ५०,००० रुपयांपर्यंत गेल्याची नोंद शेअर बाजाराच्या इतिहासात आढळते. लक्षात घ्या, हा भाव जमिनीचा नव्हता. जमीन अजून पाण्याखालीच होती. हा भाव होता जमीन होईल या विश्वासाचा.

५/
योजनेला तर्काचा आधार नव्हता असे नाही. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेला कुलाब्यापर्यंत रूळ न्यायचे होते आणि किनाऱ्याने जागा हवी होती. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात किल्ल्याची तटबंदी उतरवली जात होती. शहर कोटाबाहेर पडत होते. गरज खरी होती. पण गरजेच्या खऱ्या पायावर सट्ट्याचा मजला चढला, आणि तो पायापेक्षा कितीतरी जड होता.

६/
एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आले. बातमी मुंबईत पोहोचली तशी कापसाचे भाव कोसळले. वायद्याचे असंख्य सौदे १ जुलै १८६५ रोजी पुरे व्हायचे होते. त्या दिवशी कोणी कोणाचे देणे देऊ शकले नाही. पेढ्या बुडाल्या, बँका बुडाल्या, आणि बॉम्बे बँकेसारखी सरकारचा सहभाग असलेली संस्थासुद्धा पुढे गुंडाळावी लागली.

७/
बॅकबे कंपनीचे काय झाले? ती बुडाली. किनाऱ्यालगतची भरलेली चिंचोळी पट्टी रेल्वेमार्गाच्या कामी आली. आज चर्चगेटकडे येणारी पश्चिम रेल्वे त्या अपुऱ्या स्वप्नाच्या काठाने धावते. समुद्रावर नगर वसवायचे होते. प्रत्यक्षात रुळांपुरती जागा झाली. पहिले थांबणे हे असे होते.

८/
येथे एक तुलना उपयोगी पडते. त्याच तेजीत पूर्व किनाऱ्यावर एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी गोदीच्या बाजूला भराव घालत होती. तिची मालमत्ता पुढे सरकारने विकत घेतली, १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला. शहर तेच, तेजी तीच, मंदीही तीच. पूर्वेकडील काम तगले, कारण त्या जमिनीला पहिल्या दिवसापासून ठरलेला उपयोग होता : जहाजे, माल, गोदामे. पश्चिमेकडील जमिनीचा मुख्य उपयोग ‘विकणे’ हाच होता.

पर्व दुसरे : सरकारच सट्टेबाज होते तेव्हा

९/
आता १९१८ कडे या. पहिले महायुद्ध संपत होते. मुंबईची लोकसंख्या १९११ मध्ये ९,७९,४४५ होती; १९२१ मध्ये ती ११,७५,९१४ झाली. सुमारे दोन-तृतीयांश लोक एका खोलीच्या घरांत राहत होते. भाडी इतकी वाढली की १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. इन्फ्लुएन्झाच्या साथीने गर्दीच्या वस्त्यांत थैमान घातले. डिसेंबर १९१८ मध्ये सर जॉर्ज लॉइड गव्हर्नर म्हणून आले ते या शहरात.

१०/
१९२० मध्ये लॉइड यांनी शहरविकासासाठी एक स्वतंत्र खाते उभे केले : डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे आपल्या परिचयाचे ‘बीडीडी’. सर लॉलेस हेपर त्याचे संचालक. जनतेकडून विकासकर्ज उभारले गेले. या खात्याच्या दोन प्रमुख योजना होत्या आणि त्या नेहमी शेजारी ठेवूनच वाचायला हव्यात : बॅकबेचा भराव आणि कामगारांसाठी ५०,००० खोल्या.

११/
बॅकबेची योजना अशी : कुलाब्यापासून मरीन लाइन्सच्या बाजूपर्यंत समुद्रात भिंत घालायची, आतले पाणी आठ विभागांत अडवायचे, भराव टाकायचा आणि १,१४५ एकर जमीन निर्माण करायची. ती विकून खर्च भागेल, वर नफा उरेल आणि त्यातून शहराची इतर कामे होतील, असा हिशेब होता. अभियंते सर जॉर्ज ब्यूकॅनन यांनी तो तपासून हिरवा कंदील दाखवला.

१२/
तंत्र समजून घेऊ, कारण घोडे तेथेच अडले. बॅकबेच्या तळाशी भरावाजोगी चिकणमाती पुरेशी नव्हती. म्हणून ती दुसऱ्या बाजूने, पूर्वेकडील बंदरातून उपसायची. पाण्यात कालवून नळाने कुलाब्याचा चिंचोळा पट्टा ओलांडून बॅकबेत सोडायची. तेथे भिंतीच्या आत गाळ बसेल, पाणी निघून जाईल आणि जमीन तयार होईल. या कामासाठी मोठे उपसणी जहाज मागवले गेले. त्याचे नाव ‘सर जॉर्ज लॉइड’.

१३/
कागदावर ते जहाज तासाला प्रचंड गाळ उपसणार होते. प्रत्यक्षात बंदराच्या तळाची चिकणमाती अपेक्षेहून कडक निघाली. ती किती कडक आहे हे पाहण्यासाठी आधी पुरेशी भोके पाडून तपासणीच झाली नव्हती. उपसणी अंदाजाच्या कितीतरी मागे राहिली. दुसरीकडे भिंत होती दगडांच्या ढिगाऱ्याची. तिच्या फटींतून आत सोडलेला गाळ भरती-ओहोटीबरोबर पुन्हा समुद्रात जाऊ लागला. एका हाताने भरावे आणि दुसऱ्या हाताने सांडावे, तसा प्रकार.

१४/
परंतु केवळ यंत्राला दोष देऊन भागत नाही. योजना आखली गेली १९१९-२० च्या तेजीत, जेव्हा जमिनीचे आणि सामानाचे दोन्हींचे भाव शिखरावर होते. पोलाद, यंत्रे, मजुरी यांची खरेदी शिखरावरच्या भावाने झाली. जमीन विकायची वेळ येईपर्यंत मंदी येऊन ठेपली होती. गाळ वेळेवर पडला असता, तरी ती जमीन त्या भावाने घेणार कोण, हा प्रश्न उरलाच असता. ही गोष्ट १८६५ ची आठवण करून देते. फरक इतकाच की तेव्हा सट्टा शेअरधारकांचा होता, आता करदात्यांचा.

१५/
आणि येथे प्रवेश होतो खुर्शेद फ्रामजी नरिमन यांचा. हे तरुण पारशी वकील मुंबईच्या कायदेमंडळात स्वराज्य पक्षाच्या बाजूने बसत. १९१९ च्या सुधारणांनंतरच्या या कायदेमंडळाचे अधिकार मर्यादित होते. मात्र प्रश्न विचारता येत होते, हिशेब मागता येत होता. नरिमन यांनी तेच केले. अंदाजपत्रक कितीदा वाढले? जहाजाच्या क्षमतेची खात्री कोणी दिली? कंत्राटे कशी दिली गेली? विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत हे प्रश्न सातत्याने येत राहिले.

१६/
योजनेवर काम करणाऱ्या हार्वे या इंग्रज अभियंत्याने नरिमन यांच्यावर अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला. खटला दीर्घकाळ चालला आणि नरिमन निर्दोष सुटले. या निकालाचे महत्त्व व्यक्तीपुरते नाही. गोऱ्या अधिकाऱ्याच्या तांत्रिक कामावर एका भारतीय लोकप्रतिनिधीने जाहीर आक्षेप घ्यावा आणि न्यायालयात टिकून राहावे, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. शहराच्या बांधकामाचा हिशेब हा तेथून राष्ट्रीय राजकारणाचाही विषय झाला.

१७/
१९२६ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अध्यक्ष अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर ग्रिमवुड मीअर्स. सदस्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. समितीने उपसणीचे अंदाज, भिंतीची रचना, देखरेख, खर्च, सारे तपासले आणि योजनेची छाटणी सुचवली. अखेर आठ विभागांपैकी १, २, ७ आणि ८ हे चारच पुरे झाले. ३ ते ६ सोडून देण्यात आले. १,१४५ एकरांचे स्वप्न ४३९.६ एकरांवर थांबले, म्हणजे चाळीस टक्क्यांहूनही कमी.

१८/
‘लॉइडचा मूर्खपणा’ हे टोपणनाव या काळातले. पण लॉइड यांना सरसकट स्वप्नाळू ठरवण्याआधी एक गोष्ट पाहा. याच मुंबई इलाख्यात, सिंधमधील सक्कर येथे, त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झालेला बंधारा १९३२ मध्ये पुरा झाला आणि ‘लॉइड बॅरेज’ म्हणून ओळखला गेला. म्हणजे भव्य काम तडीस नेणे त्या शासनाला अशक्य नव्हते. सक्करला पाण्याचा उपयोग ठरलेला होता; बॅकबेला जमिनीचा भाव गृहीत धरलेला होता. एल्फिन्स्टन आणि बॅकबे यांच्यातला फरक साठ वर्षांनी पुन्हा दिसतो तो असा.

१९/
जे पुरे झाले त्याचे काय? कुलाब्याकडील जमिनीचा मोठा भाग लष्कराकडे गेला. चर्चगेटच्या बाजूला १९३० च्या दशकात नवे नगर उभे राहिले : मरीन ड्राइव्ह, १९३७ चे ब्रेबर्न स्टेडियम, १९३८ चे इरॉस चित्रपटगृह, गोलाकार सज्ज्यांच्या आर्ट डेको इमारती. १९३० च्या अखेरीस कुलाबा स्थानक बंद झाले आणि चर्चगेट हेच शेवटचे स्थानक ठरले. २०१८ मध्ये येथील आर्ट डेको इमारती, ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक वास्तूंसह, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. आपण अभिमानाने छायाचित्रे काढतो ती एका अर्ध्यावर थांबलेल्या प्रकल्पाच्या पुऱ्या झालेल्या अर्ध्याची.

शेजारची योजना : ५०,००० खोल्या

२०/
आता दुसऱ्या योजनेकडे वळू, कारण ठरीव गोष्टीतून ती बहुधा गळते. कामगारांच्या घरांसाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवण्यात आला. उद्दिष्ट ५०,००० खोल्यांचे होते. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी या चार ठिकाणी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. एका चाळीत ८० खोल्या, म्हणजे सुमारे साडेसोळा हजार. ठरल्याच्या एक-तृतीयांश.

२१/
त्याही कशा? १६० चौरस फुटांची एक खोली, सामाईक संडास, काँक्रीटच्या जाळ्यांमुळे आत पुरेसा उजेड नाही. वरळी तेव्हा गिरण्यांपासून आणि बाजारापासून दूर. भाडे कामगाराला न परवडणारे. परिणाम असा की घरटंचाईने गांजलेल्या शहरात हजारो खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग झाला. ज्या खोल्या कामगाराने नाकारल्या, त्यांत सत्याग्रहींना कोंडले गेले.

२२/
दोन्ही योजना एकाच खात्याच्या, एकाच काळातल्या. दोन्ही अपुऱ्या राहिल्या. पण अपुरेपणाचे परिणाम सारखे नव्हते. बॅकबेचे पुरे झालेले तुकडे वारसा झाले, त्यांचे मोल वाढत गेले. चाळींचा अपुरेपणा मात्र पिढ्यान्‌पिढ्या १६० चौरस फुटांत जगला गेला. त्यातूनच चाळीची संस्कृती उभी राहिली हे खरे. परंतु त्या संस्कृतीचे श्रेय तेथील माणसांचे आहे, खात्याचे नव्हे.

२३/
हा इतिहास अजून संपलेला नाही. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले, काम रखडले, २०२१ मध्ये पुन्हा गती आली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १९२० च्या दशकातील एका अर्धवट वचनाची पूर्तता शंभर वर्षांनी सुरू होते आहे. विकासाचा कालखंड मोजताना हे अंतर डोळ्यांसमोर असू द्यावे.

पर्व तिसरे : नरिमन यांच्या नावाचे टोक

२४/
स्वातंत्र्यानंतर सोडून दिलेल्या ३ ते ६ या विभागांकडे पुन्हा लक्ष गेले. कार्यालयांना जागा अपुरी पडत होती. १९६० च्या दशकापासून भराव पुढे सरकला आणि त्यावर उंच इमारती उभ्या राहिल्या : एक्स्प्रेस टॉवर्स, एअर इंडियाची इमारत. या टोकाला नाव मिळाले नरिमन पॉइंट. ज्या माणसाने बॅकबेच्या हिशेबाचा पाठपुरावा केला, त्याचेच नाव बॅकबेच्या सर्वांत महाग भरावाला! नरिमन १९४८ मध्ये निवर्तले. हा विरोधाभास त्यांना पाहावा लागला नाही.

२५/
याच काळात एक वेगळा विचार मांडला जात होता. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकात प्रस्ताव मांडला की दक्षिण टोकाला आणखी गर्दी न करता खाडीपलीकडे नवे शहर वसवावे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. म्हणजे शासन एका हाताने शहर पूर्वेकडे नेत होते आणि दुसऱ्या हाताने दक्षिणेला नवी कार्यालयीन जमीन विकत होते. मंत्रालय नव्या मुंबईत कधी गेलेच नाही. नव्या शहराची वाढ मंदावण्याचे एक कारण या परस्परविरोधात शोधावे लागते.

२६/
१९७० च्या दशकात बॅकबेच्या भूखंडवाटपाला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. आव्हान देणाऱ्यांत वास्तुविशारद आणि खासदार पिलू मोदी होते. कोणत्या दराने, कोणाला आणि निविदेविना का, हे प्रश्न नरिमन यांच्या प्रश्नांचेच वंशज म्हणावेत. भराव पुन्हा अर्ध्यावर थांबला. पुढे १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारपट्टी नियमनाची अधिसूचना आली आणि उरलेला समुद्र समुद्रच राहिला. दरम्यान १९७० च्या दशकातच वांद्रे-कुर्ला संकुलाचे नियोजन सुरू झाले होते. कालांतराने शहराचे आर्थिक केंद्र तिकडे सरकले.

२७/
आता नकाशा उघडा. नरिमन पॉइंटचे टोक आणि कफ परेड यांच्यामध्ये पाण्याची एक खाच दिसेल. ती निसर्गाने कोरलेली नाही. १९२० च्या आराखड्यातल्या न भरलेल्या विभागांची ती उरलेली जागा आहे. तेथे आज कोळी बांधवांच्या होड्या नांगरलेल्या असतात. काठावर मच्छीमार नगर आहे. भरावाच्या हिशेबात या पाण्याची किंमत शून्य धरली होती, कारण हिशेब एकरांचा होता. ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे, त्यांच्यासाठी काम ‘थांबले’ नाही. त्यांचे शेत वाचले.

२८/
म्हणून ‘रखडलेला प्रकल्प’ हा शब्द वापरताना थोडे थांबावे. बॅकबेची तिन्ही पर्वे एकत्र वाचली की तीन गोष्टी हाती लागतात. पहिली : जमिनीच्या भावी किमतीवर उभी केलेली योजना तेजीत जन्मते आणि मंदीत अडकते. दुसरी : तळाची माती न तपासता केलेला अंदाज हा अंदाज नसून इच्छा असते. तिसरी : काम थांबते तेव्हा सर्वांचे सारखे थांबत नाही.

२९/
आपल्यापैकी अनेकांच्या शहरात आज एखादा अर्धवट उड्डाणपूल, काँक्रीटचा सांगाडा किंवा पत्र्यांनी वेढलेला भूखंड असेल. त्याच्यापुढे उभे राहून बॅकबेचे प्रश्न विचारून पाहा : पैसा कोणी दिला, अंदाज कोणी तपासला, आणि या थांबण्याची झळ कोणाला बसली? हे प्रश्न विचारण्यासाठी कायदेमंडळात असावे लागत नाही. मात्र उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे लागते, जसे नरिमन राहिले.

३०/
धागा दीर्घ झाला. तुमच्या गावातील वा शहरातील एखाद्या थांबलेल्या जुन्या बांधकामाची कहाणी ठाऊक असेल, तर साल आणि ठिकाणासह खाली अवश्य लिहा. पुढील धागा पूर्व किनाऱ्याचा : गोदी, पोर्ट ट्रस्ट आणि तेथील कामगार. (समाप्त)